आठ तुकड्यांची टोपी

“वाहत्या पाण्यातच सोडायचं, महादेवी. विहिरीत न्हाई, बादलीत न्हाई. पाणी वाहून राहिलं पाहिजे आन् तू काठावर उभी राहून बघितलं पाहिजेस.”

सासूबाईंचं हे बोलणं मला त्यांच्या आवाजासकट आठवतं. त्यांचं नाव गुरम्मा, पण घरात आणि गल्लीत सगळे त्यांना अव्वाच म्हणायचे. आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग रेशमी वस्त्रात गुंडाळून ठेवायचं, ही आमच्या घरची रीत. अव्वा ते वस्त्र वर्षातून दोनदा बदलायच्या, शिवरात्रीला आणि श्रावणातल्या पहिल्या सोमवारी. जुनं झालेलं टाकायचं नाही, जाळायचं नाही. औरादच्या पुढं मांजरेवर जाऊन सोडून यायचं. पण चार वर्षं मांजरेत वाळूशिवाय काही नव्हतं. चार वर्षांची आठ वस्त्रं साठली. अव्वांनी ती एका स्टीलच्या डब्यात घडी करून ठेवली होती आणि दिवाळीच्या आधी तो डबा माझ्या हातात दिला. मी हो म्हटलं. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत अव्वा लिंगैक्य झाल्या. त्यांचं लिंग हातात देऊन आम्ही त्यांना मातीत बसवलं. डबा पूजेच्या भिंतीतल्या कोनाड्यात, देवळीत राहिला.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. आमच्या उदगिरात तेव्हा दोनच विषय होते. पाणी कधी येणार आणि जिल्हा कधी होणार. आमच्या यांचं मोटार वायंडिंगचं दुकान. उदगीर जिल्हा होणार अशी हवा जानेवारीत उठली, तेव्हा यांनी उत्साहानं नवी पाटी रंगवून घेतली: ‘गुरुलिंग मोटार वायंडिंग, मु. पो. जि. उदगीर’. जिल्हा काही झाला नाही. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, “काय अप्पा, कलेक्टर तुमच्याच दुकानात बसणार का?” हे म्हणायचे, “बसू द्या की. बाज रिकामीच हाय.”

त्याच जानेवारीत आमच्या शिवकांताला टायफॉईड झाला. टँकरचं पाणी, दुसरं काय. एकवीस दिवस पोर अंथरुणात होती. बरी झाली, अकरावीच्या वर्गात जाऊन बसायला लागली, आणि मग केस गळायला लागले. कांताचे केस कमरेच्या खाली यायचे. लहानपणापासून त्यांची निगा अव्वांकडे होती. रोज सकाळी त्या पाच पेडांची वेणी घालायच्या. आमच्या घरात ती दुसऱ्या कुणाला येत नाही. मला त्यांनी तीनदा शिकवली, तीनदा माझा चौथा पेड हरवला. अव्वांचा हात घट्ट. राग आलेला असला की आणखी घट्ट. मी नवी नवरी असताना दूध उतू घालवलं होतं, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, नुसती माझी वेणी घातली. दिवसभर माझ्या भुवया वर ओढलेल्या होत्या.

आता त्याच केसांचे पुंजके उशीवर निघायचे. मोरीची जाळी तुंबायची. वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, “कांते, तुझी वेणी कुणी चोरली गं?” त्या दिवशी कांता घरी येऊन जेवली नाही. आरसा तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवला.

डॉक्टर म्हणाले, तापानंतर असं होतं, वेळ लागेल. त्यात बोअरचं जड पाणी. निदान रात्री तरी केस सुती उशीवर घासू देऊ नका, डोक्याला रेशमाचं नाही तर सॅटिनचं काहीतरी घाला. कांतानं मोबाईलवर तसल्या टोप्या बघितल्याच होत्या. फुगीर, झालरीच्या, भाकरीएवढ्या.

आम्ही दोघी शेषेरावांच्या मॅचिंग सेंटरमध्ये गेलो. त्यांनी तीन टोप्या काढून काचेवर ठेवल्या.

“ही गुलाबी घ्या, वहिनी. नवीन माल हाय. हैदराबादच्या बाया हीच घालून राहिल्यात.”

“हे रेशीम आहे का?”

“रेशमाची बहीण हाय.”

“सख्खी का चुलत?” कांतानं विचारलं. ताप आल्यापासून पहिल्यांदाच तिला असं काही बोलताना ऐकलं.

शेषेराव हसले. त्यांनी टोपीच्या शिवणीतला एक धागा ओढला, काडीपेटी काढली आणि धागा पेटवला. तो जळला नाही. आखडत गेला आणि टोकाला काळा मणी झाला. “ही चुलत,” ते म्हणाले. मग फळीवरच्या एका जुन्या रेशमी खणाचा धागा काढून तोही पेटवला. तो हळूहळू जळला, राख चिमटीत भुगा झाली, आणि दुकानात केस जळाल्याचा वास पसरला.

कांतानं नाकाला ओढणी लावली. “हा वास…?”

“असली रेशमाचा असाच येतो, बाळा. रेशीम काय आन् केस काय, जळताना एकच. लाखात खोटं ओळखू येतं.” पण असली रेशमाची टोपी त्यांच्याकडे नव्हती. एवढा महाग माल इथं कोण घेतो, म्हणाले.

आम्ही गुलाबी टोपी घेतली. पहिल्या रात्री इलॅस्टिकनं कपाळावर लाल वळ उठला. दुसऱ्या रात्री मी इलॅस्टिक सैल केलं, तर टोपी निसटून पायाशी सापडली. तिसऱ्या रात्री उकाड्यानं पोरीच्या डोक्याला पाणी सुटलं आणि सकाळी टोपीच्या आत केसांची चकती निघाली, दाबून बसलेली. कांता ती हातात घेऊन बघत बसली. रडलीसुद्धा नाही.

लिंगपूजा होईपर्यंत बोलायचं नाही आणि पाण्याचा घोट घ्यायचा नाही, हा माझा लग्नाच्या आधीपासूनचा नेम आहे. त्या सकाळी मी पूजेला बसले तेव्हा समोर देवळीत डबा दिसला. आठ वस्त्रं. अस्सल रेशीम, झिजून मऊ झालेलं, एकेक वीतभर लांबरुंद. मनात आलं, हे काही साधं कापड नाही. सहा-सहा महिने लिंगाला लागून राहिलेलं आहे, म्हणजे प्रसादच. आणि प्रसाद कुठं घ्यायचा असतो? डोक्यावर. अव्वांचा जीव ज्या पोरीत होता, तिच्या डोक्यावर. नदी तर आटलीच आहे. पाऊस पडला, मांजरा वाहिली, की टोपी उसवून सोडून येऊ. माझं वचन कुठं मोडतंय?

मी तेव्हा स्वतःला किती शहाणी समजत होते.

लक्ष्मम्मा आमच्या मागच्या गल्लीत ब्लाऊज शिवते. देगलूरकडची, बोलताना तेलुगू मिसळते. मी डबा उघडून तिच्यापुढं ठेवला. भगवा, पांढरा, मोरपंखी, परत भगवा. तिनं एक तुकडा उचलला, नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

“विभूतीचा वास हाय ह्याला. कुणाचं हाय?”

“आमच्या अव्वांचं.”

“अम्मा, ह्याला कात्री न्हाई लावणार मी.”

“कात्री लावायचीच नाही. कडा दुमडून नुसते जोड. आणि इलॅस्टिक नको, नाडी घाल.”

तिनं डबा आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, “तुमी रोज पूजा करनारी बाई. तुमाला मी काय सांगू.” दुसऱ्या दिवशी टोपी तयार होती. पांढऱ्या रेशमी दोऱ्यानं जोडली होती, हातशिलाईनं. मशीनची सुई दोनदा मोडली, म्हणून हातानं शिवली म्हणाली.

पहिल्या सकाळी टोपीत एकही केस नव्हता.

दुसऱ्या, तिसऱ्या सकाळीही नाही. आठवड्यानंतर फणीतही नाही. मोरीची जाळी स्वच्छ. कांतानं आरसा सरळ केला. कॉलेजातून येताना गुणगुणत यायला लागली. यांनीसुद्धा विचारलं, “कोणतं तेल लावून राहिलात?” मी देवापुढं साखर ठेवली.

नववी का दहावी सकाळ असेल. कांता टोपी काढत होती. रात्री ती केस मोकळे सोडून टोपी घालायची, मीच नाडी बांधायची. टोपी निघाली आणि आतून वेणी खाली पडली. पाच पेडांची. शेवटी दोऱ्याची गाठ.

पूजा झाली नव्हती, मी बोलू शकत नव्हते. कांतानं वेणी पुढं घेतली, बोटं फिरवली आणि हसून म्हणाली, “आली की तुला, आई! चौथा पेड सापडला वाटतं.”

पूजा उरकल्यावर मी विचारलं, “तू घातलीस ना गं?”

“मी? मला मागं हात पुरतोय व्हय? तूच रात्री उठून घालतेस. सांगत न्हाईस बस्.”

दुसऱ्या दिवशीही वेणी होती. तिसऱ्या दिवशीही. मी नाडीची गाठ वेगळी मारून बघितली, माझ्या माहेरची, कन्नड मुलुखातली, दोन फेऱ्यांची. सकाळी गाठ जशीच्या तशी होती आणि आत वेणी होती.

आणखी एक सुरू झालं होतं, ते माझ्या लक्षात उशिरा आलं. मी पहाटे उठून अंगावर तांब्याभर पाणी घेते तेव्हा कांता झोपेतच विचारायची. त्या उन्हाळ्यात उदगिरात सगळेच झोपेतून उठल्याबरोबर एकच विचारायचे, पाणी आलं का. मला वाटायचं, पोर तेच विचारतेय. मी मान हलवून नाही म्हणायची आणि पूजेला बसायची. एका पहाटे पंखा बंद होता, वीज गेलेली, म्हणून नीट ऐकू आलं. ती ‘आलं का’ म्हणत नव्हती.

“पाणी वाहून राहिलं का?”

मी वळून बघितलं. कांता भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसली होती. डोळे मिटलेले. डावा तळहात छातीसमोर, उघडा, वर केलेला. लिंग हातावर घेऊन आम्ही पूजेला बसतो तसा. हातात काही नव्हतं. तिनं पूजेचा कंटाळा केला म्हणून मी कितीदा रागावले होते, आणि त्या पहाटे तिचा तो हात मला बघवेना.

मी मान हलवली. नाही. तिची पाठ माझ्याकडे होती, तरी तिनं ते बघितल्यासारखा उसासा टाकला आणि आडवी झाली.

उठल्यावर तिला काहीच आठवत नव्हतं. पण त्या दिवशी वेणी आदल्या दिवसापेक्षा घट्ट होती. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी. कांताच्या भुवया वर चढल्या. डोळे मोठे दिसायला लागले, सतत कसलं तरी नवल वाटत असल्यासारखे. “डोकं ठणकतंय गं,” ती म्हणायची, पण वेणी सोडवू द्यायची नाही. “सोडलेत तर गळतील.” कानशिलावर, केस जिथं सुरू होतात तिथं, रक्ताचे बारीक ठिपके दिसले.

तो हात मला माहीत होता. दूध उतू गेल्याच्या दिवसापासून माहीत होता.

मी घाबरले, आणि घाबरलेलं माणूस पळवाट आधी शोधतं. बुधवारी टँकर आला. पाईप सोडला की पाणी धबाधबा पडतं. मनात म्हटलं, हे वाहतंच तर आहे. मी टोपी पदराखाली नेली आणि घागर लावण्याआधी धारेखाली धरली. मागून गल्लीतली साखराबाई ओरडली, “ओ महादेवीबाई, टोप्या कामून धुता? आमच्या घागरी कोरड्या हायेत!” गल्ली हसली. मी शरमून हात मागं घेतला. टोपीतलं पाणी खाली ठेवलेल्या कुणाच्या तरी बादलीत निथळलं. घरी येऊन मी ती दोरीवर वाळत घातली आणि त्या रात्री कांताला घालू दिली नाही. कपाटात, कुलपात ठेवली.

पहाटे मी उठले. कांता भिंतीकडे तोंड करून बसलेली होती. डोक्यावर काही नव्हतं. पाठीवर वेणी होती, इतकी घट्ट की पेडांमधून दिव्याचा उजेड जात नव्हता.

मी तिच्या मागं उभी राहिले. तिनं विचारलं नाही, या वेळी सांगितलं. आवाज कांताचाच होता. बोलणं तिचं नव्हतं.

“बादलीत न्हाई म्हणले होते, महादेवी.”

माझी मुलगी मला कधी नावानं हाक मारत नाही.

त्या दिवशी मी पूजेला बसले ती तास-दीड तास उठले नाही. काय मागावं ते कळत नव्हतं. ज्यांनी पोरीचे केस राखले त्यांनाच, सोडा म्हणून सांगायचं होतं. अव्वा वाईट नव्हत्या. त्यांनी आयुष्यात कुणाचं वाकडं केलं नाही. त्या फक्त सांगितलेलं झालं की नाही, ते बघायच्या.

संध्याकाळी यांना म्हटलं, “गोदावरीला पाणी असेल का हो?”

“नांदेडला? धरणाच्या खाली हाय म्हणत होते थोडं. कालच मुदखेडचा एकजण मोटार घेऊन आला होता. का?”

“अव्वांचं वस्त्र सोडायचं राहिलंय.”

यांच्या हातातली तांब्याची तार तशीच राहिली. मग म्हणाले, “मी येऊ का?”

“नको. त्यांनी मला सांगितलं होतं.”

कांतानं सगळं ऐकलं होतं. ती दारात उभी होती, वेणीवर दोन्ही हात ठेवून. “नको नेऊस, आई. ती टोपी गेली की परत गळतील. मला माहितीय. परत उशीवर, परत ताटात…” आणि ती रडायला लागली. ताप आल्यापासूनचं सगळं रडणं त्या एका वेळी आलं. मी तिला जवळ घेतलं. तिच्या डोक्याचा वास घेतला. विभूतीचा वास होता.

“गळतील कदाचित,” मी म्हटलं. “मी खोटं नाही सांगणार. पण जे उगवतील ते तुझे असतील.”

“आन् न्हाई उगवले तर?”

मी तिची वेणी सोडवायला घेतली. गाठ सुटायला फार वेळ लागला. पाचही पेड मोकळे झाल्यावर तिनं डोळे मिटले आणि हळूच म्हणाली, “दुखायचं थांबलं.” तिथंच माझ्या मांडीवर झोपली.

मग मी टोपी उसवायला बसले. लक्ष्मम्मानं पांढऱ्या रेशमी दोऱ्यानं शिवली होती, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. टोपीला आठ जोड होते. पहिला टाका सुईनं उचलला आणि दोरा ओढला. तो येतच राहिला. हातभर, दोन हात. दोऱ्यासारखा पीळ त्याला नव्हता. गुळगुळीत, पांढरा, मधे किंचित वळलेला, मेंदी लावायचं सोडून दिल्यावर राहतो तसा टोकाला तांबूस. अव्वा मेंदी लावायच्या.

मी दिव्याजवळ गेले आणि टोक वातीला लावलं. तो हळूहळू जळला. राख चिमटीत भुगा झाली. खोलीत केस जळाल्याचा वास आला.

रेशमाचाही असाच येतो, शेषेराव म्हणाले होते. मी तेवढ्यावर थांबले. लक्ष्मम्माला विचारायला गेले नाही, आजपर्यंत विचारलेलं नाही. आठही जोड उसवले, निघालं ते सगळं गुंडाळून आठ वस्त्रांबरोबर डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

उदगिराहून कंधारमार्गे नांदेडला जाणारी पहिली गाडी पाचला सुटते. मी साडेतीनला उठले. तांब्याभर पाण्यात अंघोळ केली, पूजेला मात्र बसले नाही. त्या दिवशीची पूजा नदीवर करायची ठरवलं होतं. म्हणजे तोवर बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही. नांदेडला नदी वाहत नसेल तर तिथून खाली बासरपर्यंत जायचं. तिथंही नसेल तर आणखी खाली. कुठंतरी ती वाहतच असणार.

निघताना कांताच्या खोलीत डोकावले. ती कुशीवर झोपली होती. केस मोकळे होते. उशीवर तीन-चार केस गळालेले दिसले. मी गुलाबी टोपी आणली, इलॅस्टिक काढून तिला नाडी ओवली होती, आणि तिच्या डोक्याखाली अलगद सरकवली. चुलत तर चुलत.

मी वळले तेव्हा ती झोपेत म्हणाली, “पाणी वाहून राहिलं का?”

रोजच्यासारखी मान हलवायला गेले आणि थांबले. मग तिच्या केसांवर एकदा हात फिरवला, डबा पिशवीत घातला आणि दाराची कडी आवाज न करता काढली.